मुस्तफाची लाथ आणि मलेनियाची तलवार

आमच्या वयाच्या, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या लोकांना एक खोड आहे. पोरं प्लेस्टेशनसमोर बसलेली दिसली की आम्ही मान हलवतो आणि म्हणतो, "आमच्या वेळचे गेम खरे अवघड. तुमचं काय, मेलात की पुन्हा तिथूनच सुरू." हे वाक्य मी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला वाद घालावासा वाटलाय. जुन्या गेमांना आपण अवघड म्हणतो, पण खरं म्हणजे ते महाग होते. दोन्हींत फरक आहे, आणि रुपया-रुपया मोजून जे खेळले त्यांना तरी तो कळायला हवा.

तो रुपया कुठून यायचा ते आधी सांगतो. नाना पेठ, भवानी पेठेतला घाऊक व्यापार गुलटेकडीला आला आणि मार्केट यार्ड वसलं. माझे वडील तिथल्या भुसार विभागात एका गाळ्यावर दिवाणजी होते. गूळ, शेंगदाणे, ज्वारी, मिरची. मिरचीची पोती उतरत असली की सगळी लाईन शिंकायची. शाळा सुटली की मी डबा घेऊन गाळ्यावर जायचो, आणि शेठ चहा सांगायला पाठवायचे. चहाची उरलेली चिल्लर परत मागायची पद्धत नव्हती. ती चिल्लर खिशात घेऊन मी यार्डाच्या भिंतीबाहेरच्या गल्लीत शिरायचो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये गेम पार्लर होतं. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे. दाराला मळकट पडदा, आत अंधार, अगरबत्तीचा वास आणि मशिनांचा कल्ला. रुपया दिला की अण्णा एक टोकन सरकवायचे.

त्या शेडमध्ये कोण नसायचं! अडत्यांची पोरं, हमालांची पोरं, टेम्पोवरचे क्लीनर, आणि 'कष्टाची भाकर' या खानावळीत जेवून आलेला एखादा तरुण हमालसुद्धा. यार्डात इतरत्र ही मंडळी एका बाकावर बसली नसती. इथे एका मशिनवर खांद्याला खांदा लावून उभी असायची.

मशिन म्हणजे मुस्तफा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला. पण भारतभर कुठल्याही पार्लरमध्ये जा, त्याचं नाव मुस्तफाच. त्यातल्या चार नायकांपैकी एक मुस्तफा कायरो, चपळ, टोपीवाला. बाकीचे जॅक, हॅना आणि तो आडदांड मेस. मेसला घेणारं पोरगं बहुधा रांगेत शेवटी उभं राहिलेलं असायचं.

या गेमची लढाई वरवर पाहिली तर अगदी साधी. एक जॉयस्टिक, दोन बटणं: एक मारायचं, एक उडीचं. पण त्या दोन बटणांत जे भरलेलं होतं ते आज तंत्राच्या भाषेत सांगायला गेलं तर पान पुरणार नाही. गुंड दोन्ही बाजूंनी यायचे. त्यांचे ठोसे फक्त समोरच्या रेषेत लागायचे, म्हणून त्यांच्या रेषेत उभं राहायचं नाही. जरा वर, जरा खाली, तिरकं उभं राहायचं आणि तो जवळ आला की अचानक रेषेत शिरून मारायचं. अंगाला अंग भिडवलं की मुस्तफा त्याला धरायचा, आणि धरलेल्याला गर्दीत फेकला की चार जण आडवे. पळत येऊन घातलेली लाथ ही मुस्तफाची खास. आणि सगळ्या बाजूंनी घेरलं गेलं तर शेवटचा उपाय: दोन्ही बटणं एकदम. मुस्तफा गरकन फिरून सगळ्यांना उडवायचा. पण त्या बदल्यात त्याची स्वतःची लाइफ थोडी कमी व्हायची.

हा शेवटचा मुद्दा नीट बघा. संकटातून सुटण्याची किंमत गेम आपल्या रक्तातून कापून घेत होता. का? कारण ते मशिन धंद्याचं होतं. एका टोकनात पोरगं अर्धा तास उभं राहिलं तर अण्णांचं भाडं सुटणार कसं? म्हणून ठरावीक वेळानं मरण यायलाच हवं, आणि ते आपल्याच चुकीनं आलं असं वाटायलाही हवं, नाहीतर पोरगं दुसरं टोकन टाकणार नाही. पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू झाले की खिशात हात जायचा. लढाईची सगळी रचना त्या दहा सेकंदांसाठी होती. मशिनच्या आतल्या बोर्डावरच्या बारीक स्विचांनी किंवा चाचणीच्या मेनूतून मालकाला ठरवता यायचं, की एका नाण्याला किती जीव द्यायचे आणि शत्रू किती कडक ठेवायचा. म्हणजे ज्या कसायानं, त्या सुऱ्या घेऊन अंगावर येणाऱ्या बॉसनं, आम्हाला रडवलं, तो मुळात किती कडक होता आणि अण्णांनी किती कडक केला होता, हे आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्ही मात्र समजत होतो की आपण शौर्याची परीक्षा देतोय.

तरी त्या काळातल्या एका मशिनबद्दल मला फार आदर आहे. शेडच्या कोपऱ्यात 'नाइट्स ऑफ द राउंड' असायचा. हाही कॅपकॉमचाच, १९९१चा. राजा आर्थर, लॅन्सलॉट आणि पर्सिव्हल. तलवारीनं मारत मारत पुढे जायचं, एवढंच वरवर. पण त्यात दोन गोष्टी निराळ्या होत्या. गुण साठले की आपला योद्धा एक पायरी वर चढायचा आणि त्याचं चिलखत बदलायचं. दर वेळी जरा जड, जरा झळाळतं. पुढे ज्याला ॲक्शन आरपीजी म्हणायला लागले त्याचं बाळरूप आम्ही या गल्लीत बघत होतो. दुसरी गोष्ट म्हणजे ढाल. मारायचं बटण दाबून लगेच जॉयस्टिक मागे ओढली की योद्धा वार अडवायचा. वेळ बरोबर साधली तर पुढचे काही क्षण त्याला काहीही लागायचं नाही. त्या मोकळ्या क्षणात तुम्ही दोघा-तिघांना कापून काढू शकायचात. आज जगभरची पोरं ज्या 'पॅरी'साठी जीव टाकतात, ती हीच.

ही युक्ती मशिनवर लिहिलेली होती की नव्हती कोण जाणे. अण्णांच्या मशिनवरच्या सूचनांचा कागद केव्हाच फाटला होता. मला ती एका क्लीनर पोरानं शिकवली. त्याला कुणी शिकवली, तर म्हणे साताऱ्याला एका पार्लरमध्ये बघितली. अशा रीतीनं, ट्रकांबरोबर, लढाईची विद्या गावोगाव फिरत होती. तिच्यात अफवाही भरपूर. शेवटचा बॉस मारल्यावर अमुक पद्धतीनं बटणं दाबली की दुसरा भाग लागतो, ही त्यातली सगळ्यांत लोकप्रिय. तो भाग कुणी पाहिला नव्हता. पाहिलेल्याला ओळखणारे मात्र बरेच होते.

त्याच सुमारास कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर बाहेर गेले की, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' चालायचा. तो १९८९चा, एकट्या जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं घडवलेला. त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. तलवारबाजीसाठी १९३८च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातलं एरॉल फ्लिनचं द्वंद्व समोर ठेवलं. एक कळ वार करायची, एक अडवायची. समोरचा पहारेकरी तलवार उचलतोय हे बघून अडवायचं आणि लगेच मारायचं. घाई केली तर संपलात. या गेमला नाणं लागत नव्हतं. त्याच्याकडे फक्त साठ मिनिटांचं घड्याळ होतं. त्यामुळे तिथे मरणं खरोखर आपल्याच चुकीचं असायचं. मला तेव्हा हा फरक शब्दांत सांगता आला नसता. पण पार्लरमध्ये हरलं की राग यायचा आणि इथे हरलं की लाज वाटायची, एवढं नक्की.

मग सायबर कॅफे आले. बिबवेवाडीकडे जाताना दर चौकात एक. त्यांत 'काउंटर-स्ट्राइक'ची टोळकी वेगळी आणि 'डायाब्लो टू' खेळणारे आम्ही चार एकलकोंडे वेगळे. डायाब्लोची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. पहिला डायाब्लो १९९६ संपता संपता आला, पण मुळात तो पाळीपाळीनं खेळायचा गेम म्हणून आखला होता. बुद्धिबळासारखा, तुझी चाल, माझी चाल. वरच्या कंपनीनं तो सलग, थेट चालणारा करायला सांगितला. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिकला ते पटत नव्हतं, पण त्यानं काही तासांत तसा बदल करून पाहिला, एका सांगाड्यावर क्लिक केलं, आणि तो सांगाडा खळकन कोसळला. तिथेच निकाल लागला.

पण आतला फासा तसाच राहिला. ही गोष्ट खेळताना आम्हाला फार खुपायची. डायाब्लोत तलवार राक्षसाच्या अंगातून आरपार जाताना दिसायची आणि तरी वार लागलाच नाही असं व्हायचं. कारण आत गणित चालू असायचं: तुमची वार करण्याची ताकद किती, त्याची बचाव करण्याची किती, दोघांच्या पातळ्या किती. त्यातून टक्का निघायचा, कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंचाण्णव. म्हणजे तुम्ही कितीही मोठे योद्धे झालात तरी शंभरातले पाच वार हवेत. २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये तर सुरुवातीला एखाद्या उंदराला मारता मारता घाम फुटायचा. लढत होतं ते पात्र. आपण त्याच्यावर फक्त क्लिक करत होतो. माऊसचं डावं बटण निकामी होईपर्यंत क्लिक करत होतो, ही गोष्ट वेगळी. मजा लढाईत नव्हती, लढाईनंतर जमिनीवर काय पडतंय यात होती. सोनेरी नावाचं हत्यार पडलं की सगळा कॅफे उठून बघायला यायचा.

म्हणजे आमच्या पिढीला दोन टोकं मिळाली. एका बाजूला पार्लर: तिथे सगळं तुमच्या बोटांवर, आणि मशिन तुमच्या खिशावर टपलेलं. दुसऱ्या बाजूला डायाब्लो: तिथे सगळं फाशावर आणि आकड्यांवर, बोटांना काम हमालीचं. या दोन्हींच्या मधलं काही आम्हाला मिळालं नाही. ते मिळालं माझ्या भाच्याला.

भाचा गंगाधाम चौकाजवळच्या एका उंच इमारतीत राहतो. त्याच्या गॅलरीतून यार्डाची पत्र्याची छपरं दिसतात. त्यानं मला 'एल्डन रिंग' खेळायला बसवलं. हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ला आला, हिदेताका मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा. २०२५पर्यंत त्याच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या. पहिलाच मोठा बॉस मार्गिट. हातात काठी, अंगावर फाटकी लक्तरं, एका पुलावर उभा. मी पार्लरच्या सवयीनं आत घुसलो.

"मामा, बटणं बडवू नकोस रे. तो काय करतोय ते बघ आधी."

"बघतोय की."

"नाही बघत. त्यानं काठी वर नेली, पण खाली कुठे आणली अजून? तू आधीच लोळलास. आता तू उठतोयस आणि तो मारणार."

आणि त्यानं मारलंच. हा मार्गिटचा लौकिक आहे. तो हात वर नेतो आणि मध्येच थांबतो. घाबरून जो आधी लोळतो, तो मरतो. इथे लोळण घेणं हीच मुख्य विद्या. लोळतानाच्या अर्ध्या सेकंदाच्या आतल्या काही क्षणांत तुमच्या अंगाला काहीही लागत नाही. वार तुमच्यातून आरपार जातो. डायाब्लोत तलवार राक्षसातून आरपार जायची ती फाशाच्या कृपेनं. इथे जाते ती तुम्ही वेळ साधली म्हणून. गेम तोच प्रसंग दाखवतो, पण त्याचा मालक बदललेला असतो.

आणि प्रत्येक गोष्टीला दम लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी असते. वार केला की ती कमी, लोळलो की कमी, पळालो की कमी. पट्टी संपल्यावर कितीही बटणं दाबा, पात्र नुसतं उभं. २००९च्या 'डीमन्स सोल्स'पासून मियाझाकीची लढाई बहुतेक वेळा या हिरव्या पट्टीवर उभी आहे, आणि माझ्या मते लढाईच्या खेळांतला गेल्या वीस वर्षांतला सगळ्यांत मोठा शोध हाच. त्याच्या जोडीला ओझं. अंगावरचं चिलखत आणि हत्यारं मिळून तुमच्या ताकदीच्या तीस टक्क्यांच्या आत असतील तर लोळण हलकी, सत्तरच्या आत असेल तर मध्यम, त्याच्या पुढे गेलं की धप्पकन पडणं, आणि शंभरच्या पुढे लोळताच येत नाही. हे वाचून मला यार्डातला हमालच आठवला. शंभर किलोचं पोतं पाठीवर असताना फळीवरून उतरणारा माणूस आणि रिकाम्या पाठीनं परत चढणारा माणूस, यांची चाल एक कधीच नसते. ते पोतं पन्नास किलोवर यावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं वर्षानुवर्षं झगडा केला. जपानमधल्या कुणा माणसानं ते ओझं आकडे घालून खेळात आणलं आणि भाच्याला, ज्यानं आयुष्यात गव्हाची पिशवीसुद्धा जिन्यानं वर आणलेली नाही, त्याला त्याची अचूक जाण आहे.

आता मूळ मुद्दा. मार्गिटनं मला मारलं, पुन्हा मारलं, आणखी मारलं. दर वेळी मी पुलाच्या अलीकडे जिवंत झालो. साठवलेलं धन, म्हणजे त्यांचे रून, मेल्या जागी पडून राहतात. परत जाऊन उचलता येतात, वाटेत पुन्हा मेलो तर मात्र गेले. खिशातून काहीच जात नाही. त्यामुळे गेमला तुम्हाला फसवून मारण्याची गरज उरत नाही. तो खुशाल निर्दय होऊ शकतो, आणि त्याच वेळी प्रामाणिकही. मलेनिया नावाची त्यातली योद्धा बघा. तिचा वार तुम्हाला लागला की तिची स्वतःची लाइफ वाढते, आणि हवेत उडून ती जो तलवारींचा वर्षाव करते तो चुकवायला लोकांनी आठवडे घालवलेत. अशी बाई अण्णांच्या मशिनवर असती तर लोकांनी मशिन फोडलं असतं. फुकट मरता येतं, म्हणूनच एवढं अवघड परवडतं. आमच्या पिढीनं हे कबूल करायला हवं: मार्गिट किंवा मलेनिया मारणाऱ्या पोराला मुस्तफाच्या कसायाचं काही वाटणार नाही. भाच्याला मी जुना मुस्तफा लावून दिला, तर त्यानं चार मिनिटांत विचारलं, "मामा, हा बॉस एवढं स्वस्तात का मारतो?" 'स्वस्तात' हा शब्द त्याचा.

भाच्याची बाजू एवढी घेतल्यावर आमच्या बाजूचंही एक बोललं पाहिजे.

पार्लरमध्ये तुमच्या मागे माणसं उभी असायची. ज्याला पुढचा डाव हवा तो काचेवर आपलं टोकन ठेवून जायचा, आणि त्याला तुमच्या मरणात रस असायचा. तरीही मागून कुणीतरी ओरडायचंच, "मागे बघ, मागे!" ही सवय माणसाची होती, खेळाची नव्हती. गंमत म्हणजे ती आता गेमनं स्वतःत घेतली आहे. २००५चा 'गॉड ऑफ वॉर' मी घरी प्लेस्टेशन टूवर खेळलो. त्यात कॅमेरा लांब, उंचावर. सगळे शत्रू एका नजरेत. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्यामागे येऊन बसला. कुऱ्हाड फेकून पुन्हा हातात बोलवण्याचा आनंद कितीही मोठा असला, तरी पाठीमागचं दिसेना. मग बनवणाऱ्यांनी काय केलं? कुठून वार येतोय ते दाखवणारे बाण दिले, आणि त्याचा मुलगा अट्रेयस ओरडून सांगू लागला, की बाबा, मागे! अण्णांच्या शेडमधली पोरं पगार न घेता करत होती ते काम.

मियाझाकीनंही या मागून येणाऱ्या हाकेची जागा घेणारी एक युक्ती काढली. त्याच्या खेळांत अनोळखी खेळाडू जमिनीवर एकमेकांसाठी निरोप लिहून ठेवतात: पुढे सापळा आहे, उडी मार, मारू नको. अनोळखी खेळाडूंनी एकमेकांना मदत करायची ही कल्पना त्याला बर्फात अडकलेल्या गाड्यांवरून सुचली, असं त्यानं सांगितलंय. चढावर मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत गेली आणि ती माणसं पुन्हा कधी भेटली नाहीत. त्या निरोपांत थापा किती असतात हे खेळणाऱ्यांना माहीत आहे. कड्याच्या टोकावर 'इथे उडी मार, खजिना आहे' असं लिहिलेलं असतं. साताऱ्याच्या पार्लरातल्या अफवा ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे अगदी घरचं वाटेल. हरवलेलं सगळंच हरवलेलं नसतं, पण खांद्याला लागणारा खांदा मात्र त्यात नाही.

मोबाइलची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तिच्यावर माझं प्रेम नाही. यार्डात दुपारी, सकाळचे लिलाव संपून माल निघून गेला की, टेम्पोच्या हौद्यात आडवी झालेली पोरं मोबाइल घेऊन असतात. मैदानातली गोळीबाराची मारामारी असेल तर निदान बोटांना काम असतं. पण तलवारी आणि जादूचे जे पाच-पंचवीस खेळ मोबाइलवर आहेत, त्यांपैकी बऱ्याच खेळांत 'ऑटो' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की पात्र आपोआप लढतं आणि पोरगं चहा पितं. जिंकणं-हरणं ठरतं ते पात्राच्या आकड्यावर, आणि आकडा वाढतो पैसे टाकून. २०२०च्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये लढाई खरोखर सुंदर आहे. पाणी, आग, वीज एकमेकांत मिसळण्याची तिची रीत मला फार आवडते. पण हवं ते पात्र मिळतं सोडतीतून, आणि नव्वदाव्या सोडतीपर्यंत एक उच्च दर्जाचं पात्र मिळण्याची हमी असते. नव्वद! अण्णांचं टोकन परत आलंय, फक्त ते आता फोनवरून कापलं जातं आणि गल्ल्यात पडल्याचा आवाज येत नाही. आजच्या पोरांच्या गेमना नावं ठेवायचीच असतील तर इथे ठेवा. एल्डन रिंगला ठेवू नका.

या सगळ्यात आपलं पुणं कुठे आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. खेळणाऱ्यांचं पुणं बनवणाऱ्यांचं कधी झालं ते आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. २०२० सालच्या सप्टेंबरात जाहीर झालं, की २००३च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅन्ड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ घडवणार. क्लासमध्ये सरांच्या नकळत ज्या राजपुत्राबरोबर आम्ही तलवार चालवली, त्याच्या पुढच्या पिढीचा राजपुत्र आपल्या गावात घडतोय, याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं! झलक बघून लोकांनी नाकं मुरडली, आणि मे २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं.

पण ती घोषणा झाली त्याच वर्षी, २०२० मध्येच, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' आला. आधी ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर, मग ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. त्याआधी २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. तरी त्यांनी गेम पुरा केला, आणि २०२०च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्यावहिल्या गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली. दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, विष्णूचं शारंग धनुष्य, तलवार-ढाल. राजस्थानी किल्ल्यांसारख्या महालांत ती भिंतीवर धावते, खांबाला धरून गरगर फिरते आणि त्या गतीतूनच वार करते. माझं मत विचाराल तर लढाईची कल्पना अस्सल आहे आणि तिचा हात कच्चा आहे. वार लागल्याचा ठोका हाताला जाणवत नाही. शिवाय पायऱ्या चढत जाणारा योद्धा त्यात फारसा नाही, म्हणून काटेकोरपणे त्याला आरपीजी म्हणता येणार नाही. पण खांबाभोवती फिरून त्रिशूळ चालवणारी मुलगी मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही. आता पुण्यात स्टुडिओ असलेल्या तारा गेमिंगनं, ज्यात लेखक अमीश आणि अमिताभ बच्चन आहेत, 'द एज ऑफ भारत' जाहीर केलाय. म्हणजे मोठ्या पैशाचं पाणीही इकडे वळतंय.

त्यांना माझं एकच सांगणं आहे. चीनमधल्या गेम सायन्सनं २०२४च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॅक मिथ : वुकाँग' काढला आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या. त्यात माकडराजाची काठी नुसती शोभेची नाही. काठी चालवण्याच्या निरनिराळ्या धाटण्यांवर सगळी लढाई बेतलेली आहे. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' अमेरिकनांनी बनवला, पण सामुराईच्या पवित्र्यांचा अभ्यास करून. आपल्याकडे दांडपट्टा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं त्याला राज्यशस्त्र जाहीर केलं. तो हातात घेतलेल्या माणसाला विचारा. मूठ आडवी, कोपरापर्यंत लोखंडी आवरण, त्यामुळे मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, पातं लवचीक असतं, आणि एकदा फिरायला लागलेला पट्टा मध्येच थांबवला तर तो चालवणाऱ्यालाच गोत्यात आणतो. थांबायचं नाही, गती राखायची, आणि फिरता फिरता चार जणांना लांब ठेवायचं. हिरव्या दमपट्टीच्या जागी गती ठेवा, की जगात कुणी केली नाही अशी लढाई तयार होते. आणि पॅरी? 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' असं ज्या महाराष्ट्रात म्हणतात, तिथे प्रतापगडावर ऐन क्षणी वार अडवल्याची गोष्ट पोरांना तोंडपाठ आहे.

फक्त चित्रफिती बघून हे करू नका. आधी कोल्हापूरला जा, मर्दानी खेळाच्या आखाड्यात वस्तादांसमोर उभे राहा, लिंबू कापताना पट्टा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते स्वतःच्या हातानं करून बघा, आणि मगच ठरवा कुठलं बटण कशासाठी ठेवायचं ते.